नववा प्रश्न कोण वाचणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली समुपदेशन केंद्राच्या उद्घाटनाची बातमी वाचली. चार कॉलमी छायाचित्र, फीत, कात्री, कुलगुरू, सगळे जागच्या जागी. निळ्या सोफ्याचे वर्णन आले, भिंतीवरच्या फुलपाखरांचेही आले. समुपदेशक किती नेमले, हे मात्र बातमी दोनदा वाचूनही सापडले नाही. 'विद्यार्थ्यांनी मनातले मोकळेपणाने बोलावे,' असे उद्घाटक म्हणाल्याचे छापले आहे. मुले बोलतील हो; समोरच्या खुर्चीत कोण बसणार आहे?

मी एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात अकरा वर्षे रेक्टर होते. असे केंद्र तिथेही होते. सोफा नव्हता, एवढाच फरक.

एका रात्री दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. 'मॅडम, झोप येत नाही,' एवढेच म्हणाली. पहाटेपर्यंत आम्ही बसून होतो. ती फारशी बोलली नाही. मीच माझ्या मांजरीबद्दल काहीबाही सांगत राहिले. सकाळी तिला घेऊन केंद्रात गेले. (त्यासाठी तिला राजी करायलाच दोन तास लागले. केंद्राचे दार परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर. आत कोण शिरले ते अख्ख्या रांगेला दिसायचे.) लिपिकाने एक छापील कागद पुढे केला. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची लक्षणे तपासायची प्रश्नावली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, गेल्या दोन आठवड्यांत असे किती वेळा वाटले ते सांगायचे. प्रश्नावली चांगली आहे, जगभर वापरतात, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलीने ती खरीखरी भरली. लिपिकाने कागद फाइलला लावला आणि भेटीची तारीख दिली. तेहतीस दिवसांनंतरची.

म्हणजे कागद विचारणार गेल्या पंधरवड्याचे आणि माणूस भेटणार पुढच्या महिन्यात!

त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिने तिथे शून्यावर खूण केली नव्हती. मी शेजारीच बसले होते, मला दिसले. बाकीची बेरीज कितीही येवो, त्या एका उत्तराची दखल कोणीतरी जाणत्याने त्याच दिवशी घ्यायची असते, त्या मुलीशी बोलायचे असते. मी विचारले, 'हा कागद आज कोण वाचणार?' तो म्हणाला, 'समुपदेशक मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बेरीज त्याच करतात.' त्या दिवशी गुरुवार होता. त्या बिचाऱ्याला तरी काय बोलणार? शिष्यवृत्तीचे टेबलही त्याच्याकडेच होते.

मी तिला त्याच दिवशी बाहेर एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. ती सावरली. एक वर्ष मागे पडली, पण पदवी घेऊन गेली. तेहतिसाव्या दिवशी केंद्राचा निरोप आला: मॅडम रजेवर आहेत, नवी तारीख घ्यावी.

यावर मी प्रशासनाला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्याला उत्तर आले. केंद्राच्या नोंदवहीत विद्यार्थ्यांची संख्या अल्प असल्याने जादा पदाची गरज दिसत नाही, असे. दार रांगेसमोर, तारीख महिन्यानंतरची, आणि वर नोंदवही रिकामी म्हणून मागणी नाही! विद्यापीठांतील समुपदेशन सेवांना मान्यता देणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. दर १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा, असे ती सुचवते. आमच्याकडे हजारो मुलांमागे आठवड्यातले दोन दिवस होते. नव्या केंद्रात हे प्रमाण काय, एवढे तरी आपल्या बातमीदाराने विचारायचे होते. फुलपाखरे मोजायला वेळ मिळाला ना?

आता आपल्याबद्दलही बोलते, रागावू नये. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी आपण पहिल्या पानावर घेतलीत. मथळ्यात कारण एकच, 'नापास झाल्याने'. खाली कसे केले याचे तपशील, खोलीत सापडलेली चिठ्ठी शब्दशः, शिवाय मुलाचा फोटो. यातले काय छापू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी काढलेल्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितले आहे; तिची चौथी आवृत्ती २०२३ सालची आहे. मदत कुठे मिळेल हे मात्र जरूर छापा, असेही तीच पुस्तिका म्हणते. ते आपण छापले नव्हते. त्याच पानावर तळाला, बऱ्यापैकी ठळक अक्षरांत, एका क्लासची जाहिरात होती.

हे पत्र काटछाट करून छापायचे असल्यास मांजरीचे वाक्य काढावे. नवव्या प्रश्नाचा भाग ठेवावा.

आपली,
एक निवृत्त रेक्टर