अमृताच्या ताटातली नरोटी

प्रिय नंदे,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही आणि तुझे दोन फोन 'नंतर करते' म्हणून सोडून दिले. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. जे सांगायचंय ते फोनवर बोलता येत नाही. आई पलीकडच्या खोलीत असते, आणि डोळ्यांचा पडदा खराब झाला असला तरी तिचे कान तुझ्यामाझ्याहून तिखट आहेत. माझा गुडघा तसाच, साखर तशीच. झालं प्रकृतीचं.

पाडव्यापासून मी आईला रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचून दाखवते. हस. कॉलेजात असताना संकष्टी सोडण्यावरून जिच्याशी मी आठ दिवस अबोला धरला होता, तिच्या पायाशी बसून आता मी पोथी वाचते. तिला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. अक्षर म्हणजे नेमकं मधलंच. रोज शंभर ओव्या ठरल्यात. एकूण नऊ हजारांच्या वर आहेत, एकटा अठरावा अध्यायच अठराशेचा, म्हणजे तीन महिन्यांची निश्चिती. दुसऱ्या अध्यायात कंटाळून मी दोन ओव्या गाळल्या, तर डोळे मिटूनच म्हणाली, "त्या दोघींनी काय घोडं मारलं होतं?"

तर हनुमान जयंतीची संध्याकाळ. देवळातला कर्णा दिवसभर कोकलून नुकता गप्प झाला होता. आम्ही सहाव्या अध्यायात होतो. मराठी अमृताशी पैज लावून जिंकते, ती ओवी आली. ती आली की आई नेहमी माझ्या आधी म्हणते, तुला माहितेय, तर्जनी वर करून. या वेळी बोट वर गेलं नाही. मी वाचून पुढे निघाले, तर म्हणाली, "थांब जरा. तुला सांगायचं राहिलंच. मला आता देव आहे असं वाटत नाही."

दूध नासलंय हे सांगावं, त्या आवाजात.

मला आधी वाटलं, बाबांचं काहीतरी डोक्यात असेल. तसं विचारलं. म्हणाली, "छे गं. हे गेले तेव्हा होताच की, भांडायला. दोनेक वर्षं झाली असतील. हळूहळूच गेला." मग ही पोथी कशाला, म्हटलं. तर, "वाचायला देव कशाला लागतो? तू नाही का वाचत?" आणि पुढची ओवी वाच म्हणाली. मी वाचली. काय वाचलं ते देव जाणे. बघ, हे असं तोंडात येतं.

मला आनंद व्हायला हवा होता ना? इतकी वर्षं वाद घातला, शेवटी समोरचा म्हणाला, तुझंच खरं. त्याऐवजी मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले. रडले नाही, नुसती बसले. बादली भरून वाहून गेली.

रात्रभर एकच आठवत होतं. पिंट्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आईने देव पाण्यात घातले होते. त्यावरून तुझ्यासमोर मी किती टर उडवली होती! तुला जे कधी सांगितलं नाही ते आता सांगते. त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यातून मी आईला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा विचारलं, "अजून पाण्यातच आहेत ना? काढू नकोस हं." म्हणजे माझा विश्वास नव्हता, पण तिचा आहे यावर माझा पक्का विश्वास होता. सगळी मिजास तिच्या जिवावर चालली होती. आता घरात देव पाण्यात घालणारं कुणी उरलं नाही, आणि मी साठीच्या उंबरठ्यावर.

तू म्हणशील, मग यात अडलं कुठे? अडलंय दादापाशी. त्याने आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरवलंय. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, तो १७ मेला लागतो, म्हणून त्याच्या आत वैशाखात उरकायचं. हॉल झाला, गुरुजी झाले, वहिनीच्या साड्याही झाल्या. गुरुजींच्या हिशेबाने ८० वर्षं ८ महिने. मी बसून गुणाकार केला: पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून जरा जास्त, त्याला हजाराने गुणलं की येतात ८० वर्षं १० महिने. आईला सांगितलं तर तिची शंका वेगळीच. "पावसाळ्यातले दिसतच नाहीत, ते धरायचे का?"

दादाला ती सांगणार नाही. "त्याचा हिरमोड नको, बसेन मी पाटावर," म्हणते. पण काल अंथरुणावर पडल्या पडल्या मला विचारलं, "संकल्प सोडताना मनात काही नसेल, तर ते खोटं बोलणं होतं का गं?" कुणाशी खोटं, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. गिळला. ती खरंच अस्वस्थ होती. नंदे, देव नाही म्हणणारी बाई देवाला फसवायला नको म्हणून झोपत नाहीये. मी काय उत्तर देऊ? दादाला सांगू? तो आधी मलाच धरेल, की तूच आईचे कान भरलेस. चुकलं म्हणता येईल का त्याला?

तू सांग. तू मधेच वारीला जाऊन आलीस तेव्हा मी तुला नाही नाही ते बोलले होते. ते मागे घेत नाही, पण तू या दोन्ही बाजूंना राहून आलेली आहेस.

आता गंमत. पोथीचं शेवटचं कोरं पान आठवतं? सातवीत आपण पेन्सिलीने ओवी लिहिली होती:

गणिताच्या बाई येती ।
छडी टेबली आपटिती ।
नंदीचे पाय कापती ।
गृहपाठेंवीण ॥

आईने पकडलं तेव्हा एकनाथांचं सांगितलं होतं. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि बजावलं, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली. मग कितीतरी दिवस तू मला नरोटी म्हणायचीस. चौथा चरण कुणाचा, यावर आपण तुझ्या लग्नातसुद्धा भांडलो. काल आई झोपल्यावर तिचं भिंग घेऊन ते पान पाहिलं. पहिले तीन चरण माझ्या गिचमिड अक्षरात. चौथ्यातल्या 'ठें'वर अनुस्वार आहे, आणि 'ण' तसा पोटाला गाठ मारलेला. सातवीत तुला किंवा मला तो अनुस्वार ठाऊक होता? ते अक्षर आईचं आहे. वाण्याच्या यादीत जन्मभर पाहिलेलं.

अजून तिला विचारलेलं नाही. तू आलीस की दोघी मिळून विचारू.

तुझ्या लेकीचं ठरलं हे वहिनीकडून कळलं, खूप आनंद झाला, सविस्तर लिही. तुझ्या सासूबाईंचं प्लॅस्टर निघालं का? १७ मेच्या आत ये. साडी नेसायचीच असं नाही.

तुझी,
नरोटी