किनाऱ्यावरची गावं म्हणजे फक्त बीच नाही

संपादक साहेब, छोट्या किनारी गावांवर लेख आला की त्यात बीच, सनसेट आणि हॉटेल एवढंच असतं, वाईट वाटतं. इंग्लंडमधलं लाइम रीजिस घ्या, तिथले कडे ढासळतात आणि आतून जीवाश्म बाहेर पडतात, मेरी अ‍ॅनिंगला १८२३ मध्ये तिथंच प्लेसिओसॉरचा (समुद्रात राहणारा, नामशेष झालेला सरपटणारा प्राणी) जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला, आणि ती काही कॉलेजात शिकलेली नव्हती, जीवाश्म विकून घर चालवायची! इतिहास आणि निसर्ग तिथं वेगळे काढताच येत नाहीत. २००१ पासून हा किनारा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. अशा गावांबद्दल छापताना बंदर कशामुळे वसलं, कडा कसा बनला हे पण द्या ना प्लीज, आणि भरतीच्या वेळा तर नक्कीच, कड्याखाली फिरताना लोक अडकतात.

- एक वाचक