माडावर माणूस होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत पहिलं पान भरून आमच्या किनाऱ्याचं ड्रोनमधून काढलेलं छायाचित्र छापलंत. छान आहे, नाही म्हणत नाही. पण खालच्या चौकटीत वाचकांनी आपापली ड्रोन-छायाचित्रं पाठवावीत असं आवाहन केलंत आणि ड्रोन कुठे उडवावा, कुठे उडवू नये याची एक ओळही दिली नाहीत. ते वाचून संताप झाला, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नारळ काढणारा पाडेली आला होता. विहिरीजवळच्या माडावर तो शेंड्यापर्यंत पोचला, एक हात झावळीत आणि दुसऱ्या हातात कोयता. तेवढ्यात घूं घूं करत ड्रोन आला आणि त्याच्या डोक्यापासून चार हातांवर स्थिर राहिला. उडवणारा मुलगा गडग्यापलीकडे रस्त्यावर, नजर मोबाइलच्या पडद्यावर. नारळ काढणारा माणूस जवळून टिपायचा होता म्हणे. पाडेल्याने दचकून दोन्ही हातांनी माडाला मिठी मारली. कोयता सुटला तो माझ्या सुनेपासून दोन हातांवर मातीत रुतला. ती पडलेले नारळ गोळा करत होती.

खाली आला तेव्हा त्याचे गुडघे थरथरत होते. तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "काकी, माका वाटला पोळाच उठला." माडावर चढणाऱ्याला पडण्याची नसेल एवढी भीती पोळ्यातल्या मधमाश्यांची असते. माश्या उठल्या की तो विचार करत बसत नाही, हात सोडून सरसर खाली येतो. त्या दिवशी याने हात सोडले नाहीत हे आमचं नशीब.

मुलगा उद्धट नव्हता, हेही सांगते. माफी मागितली. पण लगेच म्हणाला, "काकू, हा २५० ग्रॅमच्या आतला आहे, याला लायसन्स लागत नाही." बरोबर आहे त्याचं. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि हौसेसाठी उडवायचा तर दोन किलोपर्यंतच्यालाही नाही. प्रमाणपत्र लागत नाही म्हणून तो वाटेल तिथे, माणसाच्या डोक्याशी न्यायचा का? शिवाय आमचं गाव परुळे. चिपीचा विमानतळ शेजारी. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवताच येत नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग दाखवलेले आहेत. भाच्याने मला फोनवर दोन मिनिटांत उघडून दिला. त्या मुलाने तो कधी पाहिलाच नव्हता.

आणि आमच्याकडचं वारं! दुपारनंतर समुद्रावरून सुटलं की धुतलेली चादर दोरीवर राहत नाही, तिथे पाव किलोचा ड्रोन काय राहणार? बॅटरी उतरली की तो आपोआप ठरवलेल्या उंचीवर चढून सरळ मागे येतो म्हणतात. ती उंची माडांच्या वर ठेवलेली नसेल तर तो शेंड्यात नाही तर विजेच्या तारांत जाणार, आणि तिथून कोणाच्या तरी खळ्यात. खळ्यात मुलं असतात, आमसुलं वाळत घालणाऱ्या बायका असतात.

मी ड्रोनच्या विरोधात नाही. अवैध मासेमारीवर नजर ठेवायला मत्स्यव्यवसाय विभागाने जानेवारी २०२५ पासून ड्रोन आणले, मला आनंदच झाला. हौस असेल तर सकाळी वारा पडलेला असताना, मोकळ्या जागी, ड्रोन डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर उडवावा. कोणाच्या घरावरून न्यायचा तर आधी विचारावं. आम्ही नाही म्हणणारी माणसं नाही, चहासुद्धा विचारू.

तुमच्या छायाचित्राकडे पुन्हा एकदा नीट बघा. डाव्या कोपऱ्यात कौलांच्या मागे एक न्हाणी आहे. वर छप्पर नाही, दारावर लुगडं टाकलेलं आहे. आत कोणी नव्हतं म्हणून ठीक. गावात ते घर कोणाचं हे सगळ्यांना कळलं आणि त्या घरच्या बाईला काल दिवसभर मान वर करवली नाही. तिला कोणी विचारलं होतं? पुढच्या रविवारी आवाहन पुन्हा छापणार असाल तर नियमांची चौकट त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा.

आमचा पाडेली अजून आलेला नाही. बायको त्याला चढू देत नाही. अकरा माड तसेच आहेत आणि पिकलेले नारळ रात्री आपोआप पडतात. सुनेला मी विहिरीकडे एकटी जाऊ देत नाही.

– एक वाचक,
परुळे, ता. वेंगुर्ला

ता. क. : पुरवणी रंगीत झाल्यापासून भरती-ओहोटीच्या वेळा छापणं बंद झालंय. आमच्या वाडीतली निम्मी माणसं पेपर त्यासाठीच घेत होती. त्या परत सुरू करा.