वही धरणारीचं नाव कुठे गेलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला महायुद्धातील बॉम्बनाशक साधनांवरचा लेख काल दोनदा वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. पण 'तांबडी तार की निळी' हे सिनेमातलं तारा कापणं लेखात कशाला? जर्मन बॉम्बमधले फ्यूज, म्हणजे स्फोट पेटवणारी यंत्रणा, बहुतेक विजेवर चालत. विमानातून सुटताना त्यांचा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भारित होई. तो भार उतरवायला ब्रिटिशांनी दोन पिनांचा डिस्चार्जर केला, तर जरा हलवलं तरी उडणारा ५० क्रमांकाचा फ्यूज आला. १७ क्रमांकाच्या फ्यूजमध्ये घड्याळ होतं. त्याची टिकटिक स्टेथोस्कोपनं ऐकायची आणि भल्या मोठ्या विद्युतचुंबकानं ते थांबवायचं. मग फ्यूज उपसताच स्फोट घडवणारी कळ त्याच्याखाली बसवली गेली. म्हणून फ्यूजला हात न लावता कवचाला भोक पाडून आतलं स्फोटक वाफेनं वितळवून काढू लागले. प्रत्येक नवी युक्ती कळेपर्यंत कुणीतरी गेलेलं असे.

मला खरा राग आला तो बॉम्ब निकामी करणारे ब्रिटिश सरदार, सफोकचे अर्ल, यांच्यावरच्या चौकटीचा. १२ मे १९४१ रोजी लंडनजवळच्या एरिथच्या दलदलीत ते 'एकटेच मृत्यूला सामोरे गेले' असं तुम्ही छापलंत. ते एकटे नव्हते! त्यांची सेक्रेटरी आणि ड्रायव्हर त्याच स्फोटात गेले, काही सॅपर्सही (लष्कराच्या अभियंता दलाचे जवान) गेले. अर्ल काय करताहेत ते ही सेक्रेटरी टिपून घेई. चूक झालीच, तर हात कुठपर्यंत पोचला होता हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून. तुमच्या साधनांच्या यादीत ती वही हवी होती.

हे मला इतकं लागतं, कारण मी एका कारखान्यात तीस वर्षं लघुलेखिका होते. दाबाच्या टाक्यांची चाचणी चाले तेव्हा साहेब आकडे मोठ्यानं सांगत आणि मी शेजारी उभी राहून लिहून घेई. एकदा झडप फुटली. वाफ माझ्या डाव्या हातावर आली, वण अजून आहे. चौकशीच्या अहवालात हजर म्हणून साहेब आणि दोन फिटर. तो अहवाल माझ्याच वहीवरून लिहिला होता, आणि टाइपही मीच केला. विचारलं तर उत्तर मिळालं, 'तुम्ही कामावर नव्हता, फक्त लिहीत होता.'

आणखी एक. १९४० च्या मजकुरासोबत आजच्या यंत्रमानवाचं छायाचित्र का? त्या काळी लंडनमध्ये खड्ड्यात माणूसच उतरत होता. हे पान छापायला जाण्याआधी कुणीच पाहिलं नाही का?

दुरुस्ती छापाल तेव्हा 'सेक्रेटरी व ड्रायव्हर' एवढ्यावर भागवू नका. त्यांची नावं आयलीन बेरिल मॉर्डन आणि फ्रेड हार्ड्स. चौकट अर्लच्या चौकटीएवढीच असावी.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका