‘नोंद घेतली’च्या पुढे काय?

महोदय,

प्रादेशिक कारभारात लोकसहभाग वाढवायला नागरिकांच्या सल्लागार समित्या नेमाव्यात, असे पुन्हा सुचवले जात आहे. जरूर नेमाव्यात. पण अशाच एका समितीत मी तीन वर्षे होते, म्हणून हे पत्र.

लोकांचे म्हणणे कसे ऐकावे, एवढेच आमच्या समितीने सांगायचे होते. बसमार्गांच्या फेररचनेवर सुनावणी लावली, ती कामाच्या दिवशी दुपारी तीनला. बसने कामावर जाणारा माणूस त्या वेळी येणार कसा? आम्ही म्हटले, संध्याकाळी ठेवा आणि आराखडा साध्या भाषेत चार पानांत द्या. साहेब मंडळी माना डोलावत होती. तेवढ्यात शेजारच्या सदस्याने समोरची आराखड्याची जाडजूड प्रत उलटून माझ्याकडे सरकवली. मुखपृष्ठावर छापले होते, ‘अंतिम’.

मी नोकरीभर लघुलेखिका होते, दुसऱ्यांच्या बैठकांची इतिवृत्ते लिहिण्यात हयात गेली. त्यामुळे आमचे इतिवृत्त हाती येताच आधी शेवटचा रकाना पाहिला. आमच्या सगळ्या सूचनांपुढे एकच शेरा : ‘नोंद घेतली.’ (मीही तो शेकडो वेळा टंकला आहे, अर्थ मला विचारू नका.) अहवालात मात्र ‘नागरिकांशी सल्लामसलत करण्यात आली’ असे वाक्य आले आणि पुराव्याला आमच्या सह्यांचा हजेरीपट जोडला गेला.

अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तीत नुसती सल्लामसलत खालून चौथ्या पायरीवर आहे. आम्ही तिथवर तरी पोचलो होतो का, शंकाच आहे.

बेल्जियमच्या जर्मनभाषक प्रदेशाची वस्ती जेमतेम पाऊण लाखाच्या आसपास. तिथल्या संसदेने २०१९ मध्ये कायद्यानेच कायमची नागरिक परिषद नेमली. सदस्य २४. चर्चेचा विषय परिषद ठरवते, सोडतीने निवडलेले नागरिक शिफारशी करतात आणि शिफारस नाकारायची तर कारण द्यावे लागते. मला हेवा वाटतो तो या शेवटच्या अटीचा. सल्ला मानलाच पाहिजे असे आमचे म्हणणे नव्हते. नाही म्हणा, पण का ते लेखी कळवा, आणि विचारायचे तर छपाईच्या आधी विचारा.

मुदत संपल्यावर आमच्या सूचनांचे काय झाले, असे मी पत्राने विचारले. उत्तर आलेले नाही. पोच आहे, शिक्क्यासह.

— एक माजी समिती सदस्य