आधी त्याला विचारा, मग पालकाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांगांचं मासिक अनुदान दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. वाढ चांगलीच आहे, तिला कोण नावं ठेवणार? पण त्या पैशावर हुकूम कोणाचा चालतो, याबद्दल कुठे अवाक्षर वाचायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र.

चोपडा तालुक्यात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, सगळं माझ्या टेबलावरून जातं. पायाने अधू असलेला माणूस आला तर तो स्वतःचं स्वतः सांगतो, वर मलाच चार नियम सुनावतो. पण दाखल्यावर ‘बौद्धिक अक्षमता’ लिहिलेलं असलं, की बोलणारा दुसराच असतो. भाऊ, काका, नाहीतर गावातला एखादा कार्यकर्ता. ‘त्याले काय समजस? तुम्ही माले इचारा.’ ज्याचा अर्ज तो बाजूच्या स्टुलावर. त्याचा फोटो लागतो, अंगठा लागतो, आधार लागतं. तो स्वतः तेवढा लागत नाही.

माझा चुलतभाऊ बापू (घरातलं नाव) त्यातलाच. चाळिशीला आलाय. यूडीआयडी कार्ड आहे, अनुदान चालू आहे. शाळेत जेमतेम दोन-तीन वर्षं गेला. विसाच्या पुढे मोजता येत नाही, पण नोटा रंगावरून बरोबर ओळखतो. नावाची पहिली दोन अक्षरं काढतो, तीच त्याची सही. केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीत तो कामाला जातो. घड खांद्यावरून उतरवताना दांडा कुठे धरायचा, खाली पानं कशी अंथरायची म्हणजे फण्यांना मार लागणार नाही, हे टोळीतल्या नव्या पोरांना तोच दाखवतो. संध्याकाळी मजुरी रोख मिळते. त्यातून त्याने आठवडे बाजारात बकरी घेतली. बकरी विकणाऱ्याने त्याच्याकडे पालकाचा दाखला मागितला नाही. भाव मात्र चढा लावला, तो तर तुम्हा-आम्हालाही लावतो.

दाखला मागितला तो बँकेने. खातं जुनं, बापूच्या एकट्याच्या नावाचं, अनुदान त्यातच जमा होतं. केवायसीसाठी कागद मागितले म्हणून मी त्याला घेऊन गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘यांचे पालक कोण?’ मी म्हटलं, साहेब, माणूस समोर उभा आहे, त्याला विचारा. त्यांनी विचारलं नाही. बापू आपणहून म्हणाला, ‘मना पैसा शेतस.’ म्हणजे पैसे माझे आहेत. साहेब हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, लहान पोराला हसतात तसं हसले. आणि सांगितलं की कोर्टाकडून किंवा कलेक्टर ऑफिसातून पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा, तोवर पैसे काढता येणार नाहीत. शेवटी सत्तरी ओलांडलेल्या काकूचं नाव खात्याला जोडलं, तेव्हा व्यवहार सुरू झाला. काकूला वाचता येत नाही. तिचा अंगठा चालतो, बापूची सही चालत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मी दुकानातच डाऊनलोड करून वाचला. त्याच्या कलम १३ मध्ये सरळ लिहिलंय की दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा, वारसाहक्काने मिळवण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा आणि बँकेचं कर्जसुद्धा घेण्याचा हक्क आहे. कर्ज! इथे स्वतःचं अनुदान काढायची मारामार. कलम १४ म्हणतं की पुरेसं साहाय्य देऊनही ज्याला कायद्याने बांधील असा निर्णय घेता येत नाही, त्याच्यासाठीच मर्यादित पालकत्व, आणि तेही ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा असं, त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. म्हणजे आधी साहाय्य आणि ते कमी पडलं तर पालक. आपल्याकडे पहिल्याच खिडकीवर पालक विचारतात. साहाय्याची खिडकी कुठे आहे, ते कोणी सांगत नाही.

हा कायदा आभाळातून पडलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारावर भारताने २००७ मध्येच सही केली आणि त्याच वर्षी तो मान्यही केला. कायदा यायला पुढे नऊ वर्षं लागली. राज्याने २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, पुढच्या वर्षी ‘दिव्यांगांच्या दारी’ अशी मोहीमही काढली. (दारी म्हणजे मंडपात. पण असो, आले हेही काही कमी नाही.)

बँकेचा मुद्दा अगदीच निराधार आहे असंही नाही. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी त्यात पालक नेमण्याची सोय आहे. जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ती समिती. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबापाचंही कायदेशीर पालकत्व संपतं, त्यामुळे ज्यांची मुलं अजिबात बोलत नाहीत, खुणावतही नाहीत, त्या आयांना हा कागद खरोखर लागतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना हे प्रमाणपत्र ग्राह्य धरायला सांगितलंय ते त्यांच्या सोयीसाठी. शाखेने अर्थ लावला की प्रमाणपत्र नसेल तर माणसाला हातच लावायचा नाही. अडलेल्याचं काम व्हावं म्हणून केलेली सोय, तीच चालत्याला आडवी आली.

आणि त्याच कायद्यातलं दुसरं कलम कोणी वाचत नाही. पालक नेमला की सहा महिन्यांत त्याने त्या व्यक्तीच्या सगळ्या मालमत्तेची यादी द्यायची. पुढे प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. पालक दुर्लक्ष करत असेल, पैसे खात असेल, तर त्याला काढून टाकता येतं. माझ्या दुकानातून पालकत्वाचे अर्ज जातात. हिशेबाचा कागद टाईप करून द्या म्हणून आजवर एकही पालक आला नाही. दुसरीकडून करून घेत असतील तर माहीत नाही.

खरी भीती पैशाची नाही, जमिनीची आहे. एके दिवशी तिघे भाऊ आले. बाप वारलेला, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागलेली, धाकट्याला डाऊन सिंड्रोम. थोरल्याला हक्कसोडपत्राचा मसुदा हवा होता. धाकट्याने आपला हिस्सा थोरल्याला सोडला असा. सोडणाऱ्याच्या वतीने सही कोण करणार? थोरलाच, पालक म्हणून. एकाच माणसाचा एक हात देणार, दुसरा घेणार. मी धाकट्याला विचारलं, ‘दादा, तुझं वावर कोणतं?’ त्याने लगेच सांगितलं, विहीर कुठे, लिंब कुठे, पलीकडे कोणाचं वावर. मग विचारलं, ते भाऊला देऊन टाकायचं का? तो म्हणाला, ‘नही. मना बैल तठे बांधतस.’ थोरल्याला राग आला. मी टाईप करून दिलं नाही. पुढच्या चौकात आणखी दोन दुकानं आहेत.

कलम १३ मध्येच याचं उत्तर आहे. साहाय्य करणाऱ्याचा आणि दिव्यांग व्यक्तीचा एखाद्या व्यवहारात हितसंबंध आड येत असेल, तर त्या व्यवहारात साहाय्य करणाऱ्याने बाजूला व्हायचं. हे एक वाक्य दुय्यम निबंधक कार्यालयात आणि तलाठी कार्यालयात मोठ्या अक्षरात लावलं तरी कितीतरी हिस्से वाचतील. फलकाला ग्रामपंचायतीचा ठराव लागत असेल तर तो मी फुकट टाईप करून देतो.

‘त्यांना मोकळं सोडलं तर कोणीही फसवेल,’ असं मला अनेकांनी ऐकवलं. फसवतात, खरं आहे. पण मी पाहिलेल्यांत फसवणारा बहुतेक वेळा परका नव्हता. त्याचं नाव रेशनकार्डात होतं. आणि साहाय्य म्हणजे मोकळं सोडणं नाही. बापूची वहिनी काय करते ते सांगतो. पैसे आले की ती नोटांच्या तीन चळती लावते, औषधाची, किराण्याची, त्याची. तिसरीचं काय करायचं ते त्याला विचारते. मोठी वस्तू असेल तर लगेच घेत नाही. दोन-तीन दिवस जाऊ देते, मग शब्द बदलून पुन्हा विचारते, आणि एकदा माझ्याकडून विचारवून घेते. बकरीच्या वेळी तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, ‘माले बकरी लेवानी शे.’ मोबाइलच्या वेळी तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, ‘नको, शेजारना पोर्‍या वापरी.’ झालं. यालाच कायद्यात साहाय्य म्हणतात. वहिनीने कायदा वाचलेला नाही. पण तिच्या या कामाची नोंद कुठेही नाही. उद्या दिरांमध्ये वाटणी झाली तर तिला बँकेत कोणी उभं करणार नाही.

नोंद करणं अवघड आहे का? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ पाहा. मानसिक आजाराच्या उपचाराच्या बाबतीत माणूस आपला प्रतिनिधी साध्या कागदावर नेमू शकतो. सही किंवा अंगठा पुरे, आणि मन बदललं तर तो नेमणूक रद्दही करू शकतो. दवाखान्यात, जिथे जिवाचा प्रश्न असतो, तिथे साधा कागद चालतो. मग महिन्याच्या अडीच हजारांसाठी कोर्ट कशाला? बापूने दोन अक्षरांची सही करून लिहून द्यावं की मला समजावून सांगायला माझी वहिनी बरोबर असेल, सही माझीच राहील, आणि मला वाटेल तेव्हा मी हे बदलेन. तलाठी, ग्रामसेवक किंवा अंगणवाडीताईंसमोर त्याला एकट्याला विचारून त्यांनी खाली शिक्का मारावा. बँकेने त्याची प्रत ठेवावी.

हे करायला नवा कायदा नको, निधीही फार नको. जिल्ह्यातल्या बँकांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि पालकत्वाच्या समितीतही त्यांच्याच दर्जाचा अधिकारी असतो. एका टेबलावरचा विषय दुसऱ्या टेबलावर न्यायचा, एवढंच. पालकत्वाच्या समितीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हावी असं कायदा म्हणतो, ती आळीपाळीने तालुक्याला घ्यावी. आमच्याकडून जळगाव त्यातल्या त्यात बरं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून पोराला घेऊन नंदुरबारला जायचं तर मजुरी बुडते, वर गाडीभाडं. ते पोर गर्दीत बिथरलं तर परत आणायचं कसं, हे वेगळंच. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यातून दरवर्षी वस्तू वाटून फोटो काढण्यापेक्षा, ज्याला घरात विश्वासाचं कोणी नाही त्याच्यासाठी गावातला एक साहाय्यक मानधनावर का ठेवू नये? आईबापाच्या पश्चात कोण, हा प्रश्न माझ्या टेबलासमोर बसून रडत विचारणाऱ्या म्हाताऱ्या आया मी पाहिल्यात. त्यांना अडीच हजारांपेक्षा त्या माणसाचं नाव आधी हवंय.

कलम १५ प्रमाणे हे साहाय्य उभं करण्यासाठी सरकारने प्राधिकरण नेमायचं आहे. आमच्या तालुक्यात मी चार टेबलांवर विचारलं. चारही जणांनी मला पाचव्याकडे पाठवलं.

माझी विनंती आपल्या मार्फत जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांना आहे. आपल्या जिल्ह्यात आजवर किती जणांना पालक नेमले, त्यातल्या किती पालकांनी गेल्या वर्षीचा हिशेब दिला, आणि नेमणुकीआधी त्या दिव्यांग व्यक्तीशी एकट्याशी कोण बोललं, हे त्यांनी जाहीर करावं. आपण ते छापावं. आपल्या वार्ताहरांनी माहिती अधिकारात अर्ज करायचं ठरवलं तर दहा रुपयांचं तिकीट मी देतो, फॉर्मही भरून देतो.

हक्कसोडपत्राचं प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि ती मंडळी माझी गिऱ्हाइकं आहेत, म्हणून नाव-गाव छापू नये. दोन्ही सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय.

आपला,
एक फॉर्म भरणारा, ता. चोपडा, जि. जळगाव