माझ्या खांद्यांकडे पाहिलंत म्हणून

सांगली

प्रिय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्याकडे यायचात त्या सासूबाईंसाठी. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली होती. तुम्ही त्यांच्याकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायचात आणि मी उशी, टॉवेल घेऊन शेजारी उभी असायची. घरात येणारा प्रत्येक जण "आजी कशा आहेत?" विचारायचा, तेच विचारायला हवं होतं. एके दिवशी दारात चपला घालता घालता तुम्ही मागे वळून म्हणालात, "वहिनी, तुमचे खांदे कानाला लागलेत बघा." मी खांदे खाली सोडायला गेले, तर ते सुटेनात.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं आटोपल्यावर तुम्ही मला सतरंजीवर झोपवलंत आणि एकेक स्नायू आवळून सैल सोडायचा व्यायाम शिकवलात. आधी उजवी मूठ. पाच-सात सेकंद आवळायची, मग एकदम सोडायची आणि वीस-तीस सेकंद नुसतं हाताकडे लक्ष ठेवायचं. मग दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या आणि शेवटी पावलं. सगळा जोर लावायचा नाही, श्वास कोंडायचा नाही, दुखरा भाग आवळायचाच नाही. पोटरीच्या वेळी पायाची बोटं पुढे ताणली तर पेटका येतो, म्हणून ती स्वतःकडे ओढायची. हे सगळं तुम्ही इतकं सावकाश सांगितलंत की मला आजही ते तुमच्याच आवाजात ऐकू येतं.

मी पूर्वी शवासन करत असे. तिथं "शरीर सैल सोडा" म्हणतात, पण ते कुठं आखडलंय हेच मला कळत नसे. तुम्ही एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांविषयी सांगितलंत, तेव्हा याचा उलगडा झाला. स्नायू ताणलेले असतात आणि माणसाला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून आधी तो ताण ओळखायला शिकवायचं, ही त्यांची पद्धत. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ साली आलं. त्यांच्याकडे हे शिकायला महिनोन्‌महिने लागत. पुढे इतरांनी ते आटोपशीर केलं, म्हणून माझ्यासारखीला वीस मिनिटांत करता येतं.

पहिला आठवडा काहीच वाटलं नाही. मूठ आवळायची आणि डोक्यात चारची गोळी, दूधवाला, धुण्याची बादली. मग एका रात्री अडीच वाजता सासूबाईंना कुशीवर वळवताना ध्यानात आलं, माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेत. त्या वेळी मी जबडा सोडला. एवढंच. पण माझं मला ते कळलं होतं, आणि त्या रात्री परत आडवी झाल्यावर मी पंख्याकडे बघत पडून राहिले नाही.

काम कमी झालेलं नाही. बीपीची गोळीही चालू आहे. ती याच्या भरवशावर बंद करायची नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. आणखी एक गोष्ट तुम्ही केलीत, तिचे आभार मला वेगळे मानायचेत. यांना बाजूला घेऊन तुम्ही सांगितलंत की रात्रीची पाळी दोघांनी वाटून घ्या, नुसत्या या व्यायामानं वहिनींचं भागायचं नाही. मला ते कधीच तोंडानं मागता आलं नसतं. आता एक दिवसाआड हे उठतात.

तुमचं काम सासूबाईंचा हात हलवणं एवढंच होतं. माझ्याकडे बघायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि जास्तीच्या त्या अर्ध्या तासाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ज्यांच्या घरी असं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकानं त्याची उशी सरकवणारीकडेही क्षणभर बघावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सासूबाई आता डाव्या हातानं वाटी धरतात, उचलता येत नाही अजून. त्या तुमची आठवण काढतात. इकडे आलात तर चहाला या, आणि माझे खांदे बघून जा.

तुमची,
वहिनी